चारशे बारा ग्रॅम निवांतपणा

लेकीचं वाक्य 'मी' या शब्दापाशी तुटलं, तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. "आई, इथं मला आणखी दोन वर्षं थांबशील का विचारलंय, आणि मी..." एवढं ती बोलली आणि फोन गेला. गेलेला फोन माणूस उगाच जितका वेळ कानाशी धरून ठेवतो, तितका वेळ मी धरला. मग नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या मते ती 'मी परत येते आहे' असं म्हणणार होती. मी म्हटलं, 'मी थांबते आहे' असंही म्हणणार असेल. हाती असलेल्या पुराव्यावरून दोन्ही निष्कर्ष सारखेच शक्य होते. नवरा ग्रंथपाल आहे. पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं असलं तरी ते सुखान्त होतं असं तो धरून चालतो.

आमची लेक एका खाऱ्या तळ्याच्या काठी पाणपक्षी मोजते. हा तिचा छंद नसून नोकरी आहे, हे मला इमारतीत अजूनही अधूनमधून समजावून सांगावं लागतं. तिच्या केंद्रात वीज येते ती छपरावरच्या सौर पाट्यांमधून, आणि ती आधी उपकरणांना मिळते, मग दिव्यांना, मग माणसांना. फोनसाठी प्रत्येकाच्या वाट्याला रोजचा एक तास. दिवसभर पक्ष्यांच्या नोंदी त्याच फोनवर करायच्या. शिवाय केंद्रात सिग्नल नाही. तो तीन किलोमीटरवरच्या एका टेकाडावर आहे. रविवारी सकाळी दहाला लेक त्या टेकाडावर चढून पोचते, तेव्हा फोनमध्ये पंधरा-सोळा टक्के उरलेले असतात. मी एकतीस रविवारांची नोंद ठेवली आहे. बोलण्याची सरासरी बारा मिनिटं दहा सेकंद येते. त्यातली तीन नवऱ्याची, कारण तो तिकडचं हवामान विचारतो आणि मग इकडचं सांगतो.

पुढच्या रविवारी मी तिनं विषय काढण्याची वाट बघितली. अकराव्या मिनिटाला मीच म्हटलं, ते तुझं दोन वर्षांचं काय. ती म्हणाली, "अगं, ते निवांत सांगते. असं घाईघाईत नको." आणि फोन गेला.

आता निवांत म्हटल्यावर प्रश्न विजेचा झाला. लेक तिथं, मी इथं, मध्ये बारा मिनिटं. त्या बारांची चाळीस करणारी वस्तू बाजारात मिळते, तिला पॉवर बँक म्हणतात. एक विकत घ्यायची आणि पाठवून द्यायची. मी मनाशी आठवडा धरला होता. आठवडा धरताना मी माझा स्वभाव हिशेबात घेतला नव्हता.

मी पाणी तपासते. विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांतून आमच्या प्रयोगशाळेत येतं आणि त्यात काय आहे ते मी लिहून देते. सव्वीस वर्षं हेच करते आहे. अशा माणसाला एखादी वस्तू 'चांगली आहे' असं दुकानदारानं सांगून भागत नाही. पण हे पुढचं. पहिल्या खरेदीच्या वेळी मी अजून साधीभोळी गिऱ्हाईक होते.

खरेदीची कुणकुण लागताच वरच्या मजल्यावरचे विमाकाका खाली आले. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, पेटलेल्या आणि अजून पेटायच्या. त्यांनी मला पॉवर बँकेमुळे पेटलेला एक सोफा, एक मोटार आणि एका गृहस्थांचा खिसा सांगितला. मी विचारलं, मग चांगली कशी ओळखायची. ते म्हणाले, पेटली नाही की चांगली.

समोरच्या वहिनींची पद्धत वेगळी. पेटण्या-न पेटण्यात त्या पडत नाहीत. जगातल्या प्रत्येक वस्तूसाठी त्यांच्याकडे एक माणूस असतो. त्या मला बाजारातल्या एका गल्लीत घेऊन गेल्या. तिथं एका टेबलावर पॉवर बँकांची चळत लावून एक विक्रेता उभा होता. त्यानं एक उचलून बटण दाबलं आणि चार निळे दिवे लागले. वीस हजार मिलिअँपिअर-तास, असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. किंमत इतकी कमी होती की मला त्याचीच दया आली. तो म्हणाला, "ताई, बंद पडली तर सरळ इथं येऊन मला धरा." दोन दिवसांनी मी खरंच गेले, तेव्हा त्या जागी एक शांत गृहस्थ कंगवे विकत होते.

मधल्या दोन दिवसांत झालं ते असं. पॉवर बँक माझ्या पर्समधून प्रयोगशाळेत गेली आणि समोर तराजू होता म्हणून मी ती त्यावर ठेवली. एकशे एकतीस ग्रॅम. वीस हजार मिलिअँपिअर-तास साठवायचे तर आतले लिथियमचे घटच निदान तीनशे ग्रॅम भरले पाहिजेत. ही वस्तू निसर्गनियमांत बसत नव्हती. मी झाकण उघडलं. आत करंगळीएवढा एक घट, त्याला जोडलेले चार दिवे, आणि बाकी नुसती मोकळी जागा. दिवे मात्र अस्सल होते.

त्या रविवारी हे मी लेकीला सांगितलं. मोकळ्या जागेपाशी आल्यावर ती हसली. नुसतं हं करून नाही, पूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून हसायची तशी, मध्ये श्वास घ्यायला थांबून. कित्येक महिन्यांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. म्हणून मी कंगव्यांचंही सांगितलं. म्हणून त्या गृहस्थांनी मला केसांच्या पोताप्रमाणे कुठला कंगवा घ्यावा हे कसं समजावलं, तेही सांगितलं. मग फोन गेला.

दुसऱ्या वेळी मी वजनकाटा घेऊन निघाले. काटा हाताच्या तळव्यावर मावणारा होता, पण काचेचं दार असलेल्या दुकानात शिरून पर्समधून काटा काढला की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय काय उमटतं, हे बघण्यासारखं असतं. पहिल्या दुकानदारानं मला सरकारी तपासनीस समजून पाणी विचारलं. दुसऱ्यानं दुकान जेवणासाठी बंद केलं, सकाळी साडेदहाला. तिसरा वहिनींच्या दिरांच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, करा की वजन, आपला माल वजनदारच असतो. काट्यावर चारशे नऊ ग्रॅम आले. खोक्यावर चकचकीत शिक्का होता, प्रमाणपत्राचा क्रमांक होता, आणि एका हसऱ्या परदेशी कुटुंबाचं चित्र होतं. मी घेतली. घरी आल्यावर नवऱ्यानं ती हातात तोलली आणि म्हणाला, हिच्यात नक्की काहीतरी आहे.

होतंच. फोन दीड वेळा भरून ती थांबली. कानाशी धरून हलवली तर आतून सुळसुळ आवाज आला. विजेला आवाज नसतो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उघडली, तर एक घट आणि त्याच्या बाजूला गोंदानं चिकटवलेली वाळूची पुडी. माझा एकुलता एक निकष त्या लोकांनी माझ्याआधीच विचारात घेतला होता. कुठल्याशा शेडमध्ये कुणीतरी काट्यावर वाळू टाकत, चारशेपेक्षा फार जास्त झालं तर चिमूटभर काढून, माझी वाट बघत होतं. आणि वाळू होती मात्र सुरेख. धुतलेली, चाळलेली, एकसारख्या कणांची. पाणी गाळायच्या चाचणीसाठी आमच्याकडे येते ती इतकी चांगली कधीच नसते. आमच्या साहेबांनी ती भिंगाखाली बघितली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं की हे लोक नुसती वाळू देतील का.

मी उघडलेली पॉवर बँक घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं वाळूकडे बघितलंच नाही. तो म्हणाला, तुम्ही उघडलीत म्हणजे हमी संपली. मी खोक्यावरचा प्रमाणपत्राचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून बघितला. तो क्रमांक खरा होता, पण विजेचे बल्ब बनवणाऱ्या एका कारखान्याचा होता. तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वस्तूंना प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयात तक्रार करायला गेले. अशा प्रसंगी नागरिकाच्या अंगात जो एक ताठपणा येतो, तो माझ्या अंगात आला होता.

तो चौथ्या खिडकीपर्यंत टिकला. चौथ्या खिडकीत माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, टेबल स्वच्छ, पेन्सिली एका उंचीच्या. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वस्तू खोटी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"उघडून बघितली."

"उघडलेली वस्तू नमुना म्हणून घेता येत नाही. न उघडलेले तीन नग आणा, पावतीसह."

"पण न उघडता ती खोटी आहे हे मला कळणार कसं?"

"तुम्हाला कळायचं कारणच नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते आम्ही कळवतो. साधारण चार महिन्यांत."

मी नमुना आणि सील यांविषयी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं की मी पाण्याच्या प्रयोगशाळेत असते का. मी हो म्हटलं. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे त्यांच्या इमारतीच्या टाकीचं पाणी घेऊन आल्या होत्या, सरबताच्या बाटलीत. मी त्यांना परत पाठवलं होतं. निर्जंतुक बाटली, सील, लेबल, वेळ, आणि मग या. त्या दोनदा आल्या होत्या, मी दोनदा परत पाठवलं होतं. हे त्यांनी कुठलाही राग न ठेवता सांगितलं, उलट थोड्या आपलेपणानं, एकाच घराण्यातलं कुणी भेटावं तसं. मी तक्रारीचा कोरा अर्ज घेतला आणि आले. आमच्या दारावर 'सील तुटलेल्या बाटल्या स्वीकारल्या जाणार नाहीत' असा फलक आहे. त्यावरचं अक्षर माझं आहे.

त्या रविवारी सात मिनिटं वाळूत गेली आणि पुढच्या रविवारी आठ मिनिटं त्या बाईंत. लेक म्हणाली, "आई, पेन्सिलींचं परत सांग." मी परत सांगितलं. ती दोन वर्षांचं स्वतःहून काही बोलली नाही आणि मीही काढलं नाही. तिनं निवांत सांगते म्हटलं होतं, तर मीही निवांतच ऐकणार होते. शिवाय एकदा विचारलं की उत्तर येतं. विचारलं नाही तोवर ती थोडीशी तरी परत येतच असते.

आता विमाकाकांनी पवित्रा बदलला. रोज संध्याकाळी ते 'आज काय उघडलंत' असं विचारायला येऊ लागले. वहिनी मात्र दिरांच्या ओळखीमुळे दुखावल्या होत्या आणि जिन्यात भेटल्या तर माझ्या पर्सकडे बघत, काटा आहे का म्हणून.

तिसऱ्या वेळी मी एकही चूक करायची नाही असं ठरवलं. कंपनीचं अधिकृत दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून गेले. दुकानदार वयस्कर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी पक्की पावती दिली. खोक्यावरचा चौकोनी कोड फोनवर तपासला, तो कंपनीकडेच गेला. प्रमाणपत्राचा क्रमांक तपासला, तो पॉवर बँकेचाच निघाला. वजन चारशे बारा ग्रॅम. हलवली, आवाज नाही. शनिवारी सुट्टी असताना मी प्रयोगशाळेत जाऊन ती वीज खाणाऱ्या एका रोधाला जोडली आणि दर पंधरा मिनिटांनी वीजप्रवाह मोजत बसले. सव्वासहा तास, पंचवीस नोंदी. वीस हजारांपैकी एकूण बारा हजार सहाशे भरले.

हे मी घरी सांगितलं, ते नको होतं सांगायला. विमाकाका म्हणाले, म्हणजे सात हजार चारशे कंपनीनं खाल्ले. मी त्यांना समजावलं की आतल्या घटांचा विजेचा दाब कमी असतो, बाहेर द्यायचा जास्त, आणि खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवताना पंप काही आपला वाटा सोडत नाही. बारा हजार सहाशे म्हणजे उत्तमच. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, तरीपण सात हजार चारशे. नवरा मध्ये पडला, म्हणाला ग्रंथालयातसुद्धा दर वर्षी पुस्तकं घटतातच. या मदतीनं माझं शास्त्रीय स्पष्टीकरण पार ढासळलं.

आणि मग माझ्याही मनात आलं की पाहिल्याशिवाय काय खरं. आकडे बरोबर होते, पण वाळूचंही वजन बरोबर होतं. त्या शेडमधला माणूस वजनापर्यंत पोचला, तर तो पंचवीस नोंदींपर्यंत का पोचणार नाही. रविवारचा फोन होऊन गेल्यावर मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. हे कवच चिकटवलेलं नव्हतं, सांध्यावर वितळवून जोडलेलं होतं. चाकूच्या टोकानं ते तासाभरात निघालं. आत दोन रुंद घट, नेटके बसवलेले, एकाही कोपऱ्यात मोकळी जागा नाही. जोडणीची पातळ पट्टी इतकी सुबक होती की ती माझ्या हातून तुटल्यावरच दिसली.

"म्हणजे अस्सल आहे," नवरा म्हणाला.

"हो."

"खात्री झाली?"

"पूर्ण."

"आणि चालते का?"

"आता नाही."

त्यानं वर्तमानपत्राची टोकं धरून सगळं नीट उचललं आणि कपाटात ठेवलं. पण मला माझी बाजू मांडणं भाग आहे. आमच्या कामात तपासलेलं पाणी कुणी पीत नाही. नमुना तपासतात आणि ओतून देतात. दाखला मिळतो तो उरलेल्या पाण्याला. यात चुकीचं काही नाही. चूक एवढीच होती की माझ्याकडे उरलेलं पाणी नव्हतं.

म्हणून मी पुन्हा दोन बस बदलून गेले आणि त्याच खेपेतली आणखी एक मागितली. दुकानदारांनी चष्मा लावला आणि पहिलीत काही दोष निघाला का असं विचारलं. मी म्हटलं, नाही, उत्तम निघाली. मग ती कुठे आहे. मी म्हटलं, उत्तम आहे हे बघताना मोडली. मग खोकं माझ्या हातात देताना ते दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "बाई, ही मात्र तशीच वापरा."

पुढच्या रविवारी हा सगळा वृत्तांत साडेदहा मिनिटांत बसला. मी तो आधी मनात रचून ठेवला होता, कुठे थांबायचं आणि कुठे ती हसेल ते ठरवून. ती ठरल्या जागी हसली. शेवटी ती म्हणाली, "आई, मला पण एक..." आणि फोन गेला. मी नोंदवहीत लिहिलं, बारा मिनिटं पाच सेकंद.

राहिलं पाठवणं. कुरिअरच्या पहिल्या खिडकीवर विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, लिथियमचे विद्युतघट असलेलं उपकरण. तो माणूस एक पाऊल मागे सरला. अशा वस्तू पार्सलमधून जात नाहीत, विमानात पेटतात. हे ऐकून विमाकाकांना किती समाधान वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्या खिडकीवरचा माणूस मवाळ होता. तो म्हणाला, तुम्ही 'पुस्तक' लिहा, मी काही उघडत नाही. वहिनीही म्हणाल्या, लिहायला काय जातंय, सगळे लिहितात. मी अर्ज समोर घेऊन पेन धरून उभी राहिले. मागे रांग होती. सव्वीस वर्षं मी जे आहे तेच लिहीत आले आहे, आणि त्यात फार मोठेपणा आहे असंही नाही, दुसरं काही लिहिता येत नाही एवढंच. चारशे बारा ग्रॅमचं पुस्तक माझ्या हातून लिहिलं गेलं नाही. मी रांगेतून बाहेर आले.

शेवटी वाट निघाली ती लेकीच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयातून. तिथून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सामानाची गाडी केंद्रावर जाते. धान्य, दुर्बिणींच्या काचा, घरच्यांनी दिलेल्या पिशव्या. गाडीच्या चालकाला मी पॉवर बँक, तिच्यासोबत दोन पानी सूचना, आणि तिला उन्हात ठेवू नये अशी तोंडी सूचना दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खोकं स्वतःच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला जाड पांघरूण द्या. तिथला दुसरा हिवाळा पहिल्यापेक्षा बोचतो." मी म्हटलं, बघू. 'दुसरा' हा शब्द मी ऐकला आणि रस्त्याच्या कडेला ठेवून घरी आले.

त्या रविवारी फोन दहा वाजून चार मिनिटांनी वाजला. नवरा आधी बोलला. तिकडे वारा आहे, इकडे नाही, एवढ्यावर त्यानं आटपलं आणि फोन माझ्या हातात देऊन सकाळीच पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घालायला गेला.

लेकीनं पॉवर बँकेचं कौतुक केलं. दोन पानी सूचना तिनं केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवल्या होत्या, आणि सातव्या कलमावर स्वयंपाकीबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी विचारलं, फोन भरायला किती वेळ लागला, गरम झाली का. ती सांगत गेली. मग बारा मिनिटं झाली आणि आम्ही दोघी एकदम बोलायच्या थांबलो. आता फोन जाणार याची आम्ही दोघींनी वाट बघितली. फोन गेला नाही. तिकडून नुसता वारा येत होता.

"आई, आहेस ना?"

"आहे."

"मग सांगते. मी हो म्हटलंय. दोन वर्षं."

मी खिडकीच्या कडेला हात ठेवला होता. तो तिथंच ठेवला. "कधी म्हटलंस?"

"तुझी ती वाळू निघाली ना, त्या आठवड्यात. त्यांना तेव्हाच कळवायचं होतं."

"मग मला नाही सांगितलंस."

"सांगणार होते गं. प्रत्येक रविवारी ठरवून यायचे टेकाडावर. पण तू इतकी रंगून सांगायचीस. पूर्वी कधी तू इतकं बोलायचीस तरी का? मग ते ऑफिस आलं, मग तू अस्सल होती ती फोडलीस. मला मध्ये तोडवेना. इथं आठवडाभर सगळे विचारायचे, आईचं पुढे काय झालं म्हणून."

मी मनात बेरीज केली. तिचं बोलणं नीट ऐकायला निवांत वेळ मिळावा म्हणून मी खटपट करत होते, आणि होता तो सगळा वेळ त्या खटपटीनंच खाल्ला होता. माझ्या प्रत्येक रविवारच्या नोंदीत हे होतं. मी फक्त मिनिटं लिहिली होती, कोण बोललं ते लिहिलं नव्हतं.

"तू रागावलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

हे खरं होतं. तपासणीच्या अहवालात आम्ही 'आढळले नाही' असं लिहितो, तितपत खरं. त्याचा अर्थ पाण्यात ते नाहीच असा नसतो. आमच्या उपकरणाला सापडलं नाही, इतकाच असतो. मी तिला विचारलं, काम आवडतं का. ती म्हणाली, खूप. ते तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्याला माझी कुठलीही चाचणी लागत नव्हती. मी म्हटलं, मग बरं केलंस. मग मी जाड पांघरुणाचं विचारलं, आणि ती म्हणाली, पाठव.

त्यानंतर आम्हाला बोलायला काही सुचेना. सांगायचं ते तिनं सांगितलं होतं, विचारायचं ते मी विचारलं होतं, आणि वेळ उरला होता. अशी अडचण आमच्यावर आजवर आलेली नव्हती.

"ठेवू का मग?" ती म्हणाली.

"किती आहे फोनमध्ये?"

"शहाण्णव टक्के. तुझी पॉवर बँक जोडलेलीच आहे."

"राहू दे तर. समोर काय दिसतंय तुला?"

"पक्षी. दुसरं काय असणार?"

"किती?"

"आज रविवार आहे आई, आज नाही मोजत."

"मोज ना," मी म्हटलं. "मोठ्यानं मोज. मी आहे."

ती जरा हसली, मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. डावीकडून सुरुवात करते म्हणाली. एक, दोन, तीन, चार. मध्येच एखाद्या पक्ष्याचं नाव सांगायची, मध्येच थांबायची आणि पुन्हा तोच आकडा धरून पुढे जायची. नवरा झारी घेऊन दारात आला, माझ्याकडे बघून तिथंच थांबला. मी त्याला हातानं गप्प बस म्हटलं, जरी तो काही बोलत नव्हता. ती दोनशे चौदापर्यंत पोचली, आणि पाण्यावरून एक थवा उठून दुसरीकडे जाऊन बसला, त्यामुळे तिचा सगळा हिशेब फिसकटला. आता परत पहिल्यापासून मोजावं लागेल, ती वैतागून म्हणाली.

मी म्हटलं, मोज.